मुलामा पात्याला, धार मात्र उघडीच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आठवडा बाजारांत कोयते, कोयत्या, विळे आणि सुऱ्यांची खरेदी सुरू होते. लोहाराच्या काळपट, राकट कोयत्याशेजारी आता चकचकीत काळी, सोनेरी, पोपटी आणि चक्क गुलाबी पातीही मांडलेली असतात. गिऱ्हाईक पाते उलटसुलट करून बघते आणि विकणारा सांगतो, "कोटिंग आहे, गंज धरणार नाही." हे विधान पात्याच्या सगळ्या भागांना लागू पडते, फक्त धारेला नाही. आणि सुरी आपण घेतो ती धारेसाठी. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पात्याला लेप दोन वेळी देता येतो, धार काढण्याआधी किंवा काढल्यानंतर. आधी दिला तर धार काढताना तो दगडाखाली घासून जातो. कोणतीही रंगीत सुरी उजेडात तिरकी धरून पाहा, धारेलगत चांदीसारखी एक-दोन मिलिमीटरची पट्टी दिसेल. ते उघडे पोलाद. लेप नंतर दिला तर धारही रंगीत दिसते आणि गिऱ्हाईक खूश होते, पण चांगल्या धारेचे टोक एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असते (माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन). त्यावर दोन-तीन मायक्रॉनचा थर चढला की धार तेवढी गोल होते. शिवाय पहिल्यांदा निसण्यावर घासली की तिथला थर गेलाच. दोन्ही प्रकारांत महिन्या-दोन महिन्यांनी हातात येते ती उघड्या धारेची आणि रंगीत अंगाची सुरी.

दाढीचे पाते याला अपवाद. त्याच्या धारेवर पीटीएफईचा, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो त्याचा, अत्यंत पातळ थर असतो आणि तो उत्तम काम करतो, कारण दाढीचे पाते कोणी पाजवत बसत नाही. बोथट झाले की कचऱ्यात जाते. धारेवरच्या लेपाचा हिशेब असा फेकायच्या पात्यालाच जुळतो. जो कोयता घासून घासून चार बोटांचा दोन बोटांवर येईपर्यंत वापरायचा, त्याला तो कसा जुळणार?

मग स्टेनलेसची सुरी धार लावल्यावरही का गंजत नाही? कारण तिच्यावरही लेपच आहे, फक्त तो कारखान्यात फवारलेला नाही. पोलादात १०.५ टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साईडचा थर धरतो, अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा. दगडावर घासून तो गेला तरी घासलेली जागा हवेला लागताच पुन्हा धरतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद तयार केले आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या उपयोगांत जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्या होत्या. विकतचा मुलामा एकदा गेला की गेला. हा फुकटचा मुलामा दर खेपेला परत येतो. घरातली सुरी निवडताना निम्मा निर्णय एवढ्यावरच व्हायला हरकत नाही.

तरी कोकणात स्टेनलेसलाही बेफिकिरी परवडत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने भिंतीसुद्धा ओल सोडत नाहीत, पण खरा शत्रू ओल नसून मीठ आहे. साध्या मिठाला सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सुटते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असते, ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओले होते. त्यामुळे हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरावर खाऱ्या पाण्यात भिजून "वाळलेले" पाते प्रत्यक्षात वाळलेले नसतेच. डोळ्यांना न दिसणारी खारट ओल त्यावर चिकटून असते. हे क्लोराईड क्रोमियमच्या थराला जागोजागी टोचते. वरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो आणि त्याखाली खड्डा असतो. स्वस्तातल्या ४२० जातीच्या स्टेनलेस सुरीला मासळीच्या पाण्यात रात्रभर टाकले तर सकाळी असे ठिपके दिसू शकतात. मासळी बाजारात ओटे धुवायला वापरतात त्या ब्लीचिंग पावडरचेही तेच. पाते त्या पाण्यात बुडवलेच तर दहा मिनिटांच्या आत गोड्या पाण्याने धुवायला हवे. आणि आधी मीठ धुवायचे, मग तेल लावायचे. मिठावर तेल लावले तर गंज तेलाखाली सुखाने वाढतो.

आता विकतच्या लेपांकडे. "कोटिंग" या एका शब्दाखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि विकणाऱ्याला त्यातली कोणती आहे हे बहुधा ठाऊक नसते.

सगळ्यात जाड थर रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा, ६० ते १०० मायक्रॉन. कोयते, खुरपी, कुऱ्हाडी यांच्या अंगावर हाच असतो. अखंड असेपर्यंत तो खरोखर राखण करतो, पण मऊ असतो. नारळाच्या शेंडीने, चिऱ्याच्या गडग्याने, कमरेच्या आकडीत घासून तो खरवडतो. स्वयंपाकाच्या रंगीत सुऱ्यांवर असतो तो नॉनस्टिक जातीचा लेप, तव्यावर असतो तसाच, फक्त बहुतेक वेळा त्याहून पातळ. तिसरा प्रकार ब्लॅक ऑक्साईडचा. इथे वरून काही चढवलेले नसते. पोलादाचाच पृष्ठभाग रसायनाने काळ्या ऑक्साईडमध्ये बदललेला असतो, जेमतेम एक-दोन मायक्रॉन. स्वतःच्या बळावर तो गंज अडवत नाही, तेल धरून ठेवतो एवढेच. त्याला तेल लावायचे सोडले तर तो केवळ काळा रंग. शिवाय कैरी, कोकम, चिंच असल्या आंबट रसात तो विरघळतो. काळा कोयता आठवड्यात राखाडी झाला म्हणून फसवणूक झाल्याची ओरड होते, तेव्हा बहुतेक वेळा पाते ब्लॅक ऑक्साईडचे असते आणि त्याने कैऱ्या फोडलेल्या असतात.

चौथा प्रकार निकेल-क्रोमच्या मुलाम्याचा. किनाऱ्यावर हा सगळ्यात फसवा. निकेल आणि क्रोम लोखंडापेक्षा कमी गंजतात, म्हणून मुलाम्याला कुठे सुईएवढे भोक पडले तर गंजण्याचा सगळा भार त्या भोकाखालच्या लोखंडावर येतो आणि ते उघड्या लोखंडापेक्षा जास्त वेगाने आत खाल्ले जाते. जस्ताचे उलट. जस्त स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते, म्हणून बादली आणि पत्रे जस्ताचे. पण जस्त इतके मऊ की पात्याला ते कामाचे नाही. धारेलगत मुलामा संपतो तिथे निकेलला आयतीच मोठी फट मिळते. तिथून पापुद्रे सुटायला लागले की ते भाजीत, वाटपात जातात. असली सुरी घेऊच नये.

पाचवा प्रकार निर्वात कक्षात चढवलेल्या थरांचा. सोनेरी रंगाचा टायटॅनियम नायट्राईड आणि काळपट राखाडी, हिऱ्यासारख्या कार्बनचा डीएलसी हे त्यातले दोन मुख्य, जाडी एक ते चार मायक्रॉन. हे थर खरोखर अतिशय कठीण असतात, ओरखडा सहजी पडत नाही, आणि चांगल्या पोलादावर चांगल्या कारखान्यात चढवलेले असतील तर वर्षानुवर्षे टिकतात. घोटाळा होतो तो खालच्या पोलादाचा. "टायटॅनियमची सुरी" म्हणून विकले जाणारे सोनेरी पाते टायटॅनियमचे नसते, मऊ स्टेनलेसवर सोनेरी पापुद्रा असतो. खाजणातल्या चिखलावर उन्हाने साय धरते तसे हे. वरून कडक, पाय ठेवला की आत. सुरमईच्या मणक्यावर अशी धार वळते आणि वळताना वरचा कठीण थर तडकतो. म्हणून लेपाआधी पोलाद विचारा. कार्बन पोलादाच्या (म्हणजे क्रोमियम नसलेल्या, गंजणाऱ्या साध्या पोलादाच्या) कोयत्याला आणि स्वयंपाकाच्या सुरीला रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५४ ते ५८ एवढा कडकपणा पुरतो. त्याहून बराच कमी असेल तर कोणताही लेप ती धार वाचवू शकणार नाही.

लेप दिलेले पाते खराब होते ते नेमके कसे, हे माहीत असले तर बाजारातली बरीच भूल उतरते. रंगाला ओरखडा पडला की खारट ओल त्या फटीतून शिरते आणि थराखालून पसरते. वरचा रंग शाबूत, खाली गंजाचे जाळे. एके दिवशी रंगाला फोड येतो आणि नखाने उचलला की सबंध तुकडा निघतो, खाली पोलादाला खड्डे. उघडा कोयता गंजला तर गंज पहिल्या दिवशी दिसतो आणि कोणीतरी पुसतो. रंगीत कोयत्याचा गंज महिनाभर लपून राहतो. दुसरी जागा मुठीत शिरणाऱ्या भागाची. तिथे लेप बहुधा नसतोच, लाकूड पाणी धरून ठेवते आणि एखाद्या पावसाळ्यानंतर नारळाच्या घावात पाते मुठीतून निखळून उडते. घेताना पात्याचे अंग बघण्याइतकेच मुठीचे तोंड बघा. फट असेल तर लाख वितळवून भरून घ्या, जुने लोहार मूठ बसवताना हेच करत.

दुकानात उभ्या उभ्या करता येतील अशा तपासण्या थोड्याच. चुंबक सोबत असू द्या. पाते चुंबकाला अजिबात चिकटले नाही तर ते बहुधा ताटवाट्यांच्या जातीचे, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे स्टेनलेस आहे. ते गंजायला चिवट, पण पाणी देऊन, म्हणजे तापवून झटक्यात थंड करून, कडक होत नाही, त्यामुळे धार धरत नाही. चिकटले म्हणून पाते चांगले असे मात्र सिद्ध होत नाही. घरी आणल्यावर नेलपॉलिश काढायचे द्रव कापसावर घेऊन मुठीजवळ घासा, साधा रंग मऊ पडून कापसाला लागतो, निर्वातातल्या थराला काही होत नाही. आणि धारेलगतच्या उघड्या पट्टीवर लिंबाच्या रसाचा थेंब पाच-दहा मिनिटे ठेवा. डाग राखाडी पडला तर आत कार्बन पोलाद, नाही पडला तर स्टेनलेस. पुढची सगळी देखभाल या एका थेंबावर ठरते.

आता कोणत्या कामाला काय.

विळीला, म्हणजे मालवणी मुलखातल्या आडाळ्याला, आणि विशेषतः तिच्या खवणीला कोणताही लेप नको. खवणीचे दाते करवंटीला घासतात, तिथला रंग नारळाच्या चवात, म्हणजे खवलेल्या खोबऱ्यात, उतरणारच, आणि पांढऱ्या चवात काळा कण निदान दिसतो तरी, वाटपात गेला की तोही दिसत नाही. रोजच्या वापराला उघडे स्टेनलेस पाते घ्यावे. ज्यांना कार्बन पोलादाची धारच आवडते (आणि ती चांगली लागते, यात वाद नाही) त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की कच्ची केळी, केळफूल, कैरी यांतल्या तुरट द्रव्यांशी लोखंडाचा संयोग होऊन फोडी आणि पाते दोन्ही काळे पडतात. लोणच्याच्या फोडींसाठी म्हणून स्टेनलेसच बरे. आगळ काढताना तर कार्बन पोलाद जवळही नको. त्यात कोकमाचे आम्ल आणि मीठ दोन्ही असतात, आणि त्यापुढे स्टेनलेसही फार वेळ टिकत नाही, वापरून लगेच धुवावे.

रंगीत सुरीला भाजी चिकटत नाही, असाही दावा असतो. बटाट्याची चकती पात्याला चिकटते ती मुख्यतः ओल्या सपाट पृष्ठभागांच्या चोषणाने. लेपाने त्यात थोडा फरक पडतो, पण ओल्या फडक्याने पाते पुसूनही साधारण तेवढाच पडतो. फणसाच्या चिकाची गोष्ट वेगळी, नॉनस्टिक थरावरून चीक खरोखर सोपा निघतो. मात्र तो चीक काढायला आपण करवंटीचा तुकडा किंवा तारेची घासणी घेतली की थरही निघतो. त्यापेक्षा उघड्या पात्याला फणस फोडण्याआधी खोबरेल चोपडावे आणि नंतर तेलाच्याच फडक्याने चीक पुसून काढावा, मग साबण. उलटे केले, म्हणजे आधी पाण्याने धुतले, तर चीक घट्ट होऊन बसतो. "जंतुरोधक कोटिंग" असे छापलेल्या सुऱ्यांबद्दल एवढेच की मासळी कापल्यावर ती सुरीही धुवावीच लागते.

कोयता आणि कोयती कार्बन पोलादाचीच असावी. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा लोहाराने घडवलेला कोयता आजही बाजारातल्या बहुतेक रंगीत कोयत्यांना भारी आहे, कारण त्या पोलादाचा जन्मच धक्के खाण्यासाठी झालेला असतो. त्याच्या अंगावरचा रंग वाईट नाही, पण त्यासाठी जास्त पैसे मोजायचे कारण नाही. उघडा कोयता वापरून काळसर पडतो त्याला लोक गंज समजतात. ती काळी झाक वेगळी आणि तांबडा गंज वेगळा. काळी झाक पोलादाला धरून राहते आणि गंजाला थोडा आळा घालते, तांबडा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि खाली नवा धरतो. काळी झाक मुद्दाम आणायची असेल तर पाते साबणाने धुऊन तेलाचा अंश काढावा, कडक कोऱ्या चहात किंवा व्हिनेगरमध्ये वीस-तीस मिनिटे ठेवावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, कोरडे करून तेल लावावे. एका खेपेत डागाळल्यासारखे दिसते, तीन-चार खेपांत एकसारखे होते. बाजारात मिळणारे "कोल्ड ब्लू" मात्र खाण्याचा पदार्थ कापायच्या पात्याला लावू नये, त्यात सेलेनियमची विषारी संयुगे असतात.

लेप जिथे पैसे वसूल करून देतो अशीही अवजारे आहेत, आणि ती सांगितली नाहीत तर हे पत्र एकांगी होईल. छाटणीची करवत घ्या. तिचे रुंद अंग ओल्या लाकडात घासत जाते, आंबा-काजूचा चीक त्यावर चढतो आणि करवत अडकते. इथे निसरडा लेप श्रम खरोखर वाचवतो. आणि आजकालच्या करवतींचे दाते टोकाला निळसर-काळे, विजेने कडक केलेले असतात, ते घरी कानशीने घासता येतच नाहीत, म्हणजे लेप घासून जाण्याचा प्रश्न उरत नाही. छाटणीच्या कात्रीचेही अर्धेअधिक तसेच. तिच्या पात्याला धार बाहेरच्या एकाच बाजूने असते. आतली सपाट बाजू दगडावर फक्त एकदा हलकेच टेकवायची असते, त्यामुळे तिथला लेप बराच काळ राहतो. देठासह आंबा उतरवायच्या झेल्याचे पाते लहान, पातळ आणि बदलता येणारे असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला आता बागायतदारांना परिचित आहे. अशा पात्याला लेप असो वा नसो, बोथट झाल्यावर ते बदलायचेच असते.

कलमाच्या चाकूला मात्र नाही म्हणजे नाही. कोय कलमाच्या काडीचा पाचरीसारखा काप चार-पाच सेंटिमीटर लांब, एका ओढीत आणि आरशासारखा गुळगुळीत लागतो. काप खडबडीत झाला की काडी आणि खुंट यांच्या सालींमध्ये हवा राहते आणि जोड धरत नाही. त्यासाठी चाकूला दर पन्नास-साठ कापांनी चामड्यावर आणि दिवसाअखेर दगडावर फिरवावे लागते. लेप असलाच तर धारेजवळचा त्याचा कच्चा काठ कापात अडथळा करतो. शिवाय रोपागणिक पाते ७० टक्के स्पिरिटने पुसायचे असते. उघडे, गुळगुळीत, एका बाजूने धार असलेले पाते या कामाला सर्वांत उत्तम. कार्बन असले तरी चालेल, कारण ते दिवसभर हातात आणि पुसलेलेच असते.

बोटीवर दोर आणि जाळे कापायला दातेरी स्टेनलेस पाते घ्यावे. दात्यांमुळे नायलॉन सटकत नाही. इथे स्टेनलेसवर चांगल्या निर्वात लेपाचे अंग असेल तर खड्डे पडायची जागा कमी होते, एवढा फायदा मान्य करायला हवा. कार्बनऐवजी नायट्रोजन मिसळलेली, खाऱ्या पाण्यातही जवळपास न गंजणारी पोलादेही निघाली आहेत, महाग आहेत आणि आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत. तोवर किनाऱ्यावर आल्यावर गोड्या पाण्याचा एक तांब्या पात्यावर ओतणे हाच सर्वांत स्वस्त लेप.

धार लावताना रंगीत पात्यांची आणखी एक अडचण होते. सायकलवर किंवा हातगाडीवर फिरणारा धारवाला पाते फिरत्या चाकावर धरतो. कार्बन पोलाद तापून पिवळट झाले तोवर, म्हणजे २२०-२३० अंशांपर्यंत, ठीक, पण धार निळी पडली की ३०० अंशांच्या आसपास गेली आणि तिथला कडकपणा उतरला. लेप असला की हे रंग नीट दिसत नाहीत आणि धार कधी मेली ते कळत नाही. पीटीएफईचा थर तर सुमारे २६० अंशांपुढे बिघडू लागतो, जास्त तापला की त्याचा धूर छातीला त्रास देतो आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना तो जीवघेणा ठरतो. नॉनस्टिक सुरी चाकावर देऊ नये, दगडावरच लावावी. चार सेंटिमीटर रुंदीच्या सुरीची पाठ दगडापासून सुमारे एक सेंटिमीटर उचलली की १५ अंशांचा कोन होतो, स्वयंपाकाला तेवढा पुरे. कोयत्याला प्रत्येक बाजूने २५ ते ३० अंश ठेवावेत, बारीक केला तर करवंटीवर धार तुटते. आधी ४०० नंबरचा दगड, उलट्या बाजूला नखाला अडकणारी बारीक कड उठेपर्यंत, मग बाजू बदलून तसेच, शेवटी १००० नंबरवर हलक्या हाताने ती कड काढून टाकायची. कड न काढता सोडलेली सुरी पहिल्या टोमॅटोला झकास चालते आणि दुसऱ्या दिवशी बोथट होते. व्ही आकाराच्या खाचेतून सुरी ओढायचे यंत्र धारेबरोबर लेपाचा काठही सोलते, आणि ते सोललेले कण पुसल्याशिवाय सुरी वापरू नये.

तेलांविषयी कोकणात मतभेद पुष्कळ. खोबरेल घरात असते आणि सुकून चिकट होत नाही, ही त्याची बाजू. पण ते खवट होते आणि साधारण २४-२५ अंशांखाली गोठते, थंडीच्या सकाळी पात्यावर सायीसारखे दिसते. जवसाचे तेल सुकून कडक पापुद्रा धरते, लाकडी मुठीला फार चांगले, धारेला नाही. खाण्याच्या पदार्थाला लागणाऱ्या पात्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन सर्वांत निर्धोक. पावसाळाभर ठेवायच्या कोयत्याला शिलाई मशीनचे तेलही चालते. गाडीचे जळके ऑइल लावायची पद्धत मात्र बंद व्हावी, त्यातली घाण पुढच्या नारळाला लागते. आणि कातडी म्यानात पाते पावसाळाभर ठेवू नये, कातडे ओल आणि मीठ दोन्ही धरते. कापडात गुंडाळून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलेला कोयता त्याहून चांगला राहतो.

फोड आलेला रंगीत कोयता घरात असेल तर वरून नवा रंग मारू नका, खालचा गंज तसाच चालू राहतो. रंग पूर्ण खरवडून, तारेच्या ब्रशने आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने अंग मोकळे करा. खड्ड्यांतला गंज उरला तर दोन ते चार तास व्हिनेगरमध्ये ठेवा, रात्रभर नको, चांगले पोलादही खाल्ले जाते. मग सोड्याचे पाणी, उन्हात किंवा चुलीच्या उबेला कोरडे करणे, तेल. विस्तवावर धरून वाळवू नका, दिलेले पाणी उतरते. नॉनस्टिक सुरीचे पापुद्रे निघू लागले असतील तर ती स्वयंपाकातून काढून पुठ्ठा-सुतळी कापायला ठेवा. गंजक्या पात्याने कापले तर धनुर्वात होतो, असे अजून ऐकू येते. धनुर्वात गंजाने होत नाही, मातीत असणाऱ्या जिवाणूंमुळे होतो. कोयता चकचकीत असो वा गंजका, खोल जखम झाली की डॉक्टरांकडे जाऊन इंजेक्शनचे विचारायचेच.

आता मागणी. सुरीच्या पाकिटावर किंमत, उत्पादकाचे नाव, महिना आणि वर्ष असते. पोलादाची जात, कडकपणा आणि लेपाचे नाव क्वचितच दिसते. "हाय क्वालिटी स्टील" आणि "सुपर कोटिंग" एवढ्यावर गिऱ्हाईकाने काय ओळखावे? कृषी सेवा केंद्रांतून आणि शासकीय योजनांतून दिल्या जाणाऱ्या कोयता, कात्री, करवत यांच्या खरेदीच्या अटींत तरी या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात, आणि त्या पात्यावरच ठोकून घ्याव्यात, कारण पाकीट पहिल्याच दिवशी चुलीत जाते. गावच्या लोहारानेही आपल्या कोयत्यावर कमानपाट्याचे पोलाद असल्याची खूण ठोकली तर त्याचा माल त्या गुलाबी पात्यांशेजारी आपोआप उठून दिसेल.

आपले,
धारकाम आणि बागायतीशी संबंधित काही वाचक,
जि. रत्नागिरी